बोर्ली दहा, श्रीवर्धन दहा

बोर्ली पंचतनच्या सुपारी सोसायटीच्या प्रिंटरमधून एका शुक्रवारी सकाळी कुणाच्या तरी रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट बाहेर आला. सोसायटीचे चेअरमन गणराजभाऊ एकटेच ऑफिसात होते. त्यांनी चष्मा पुसला, कागद वाचला. उपाशीपोटी एकशे ऐंशी! भाऊंनी आधी स्वतःचंच पोट चाचपलं, म्हणजे असं त्यांनीच पुढे चार ठिकाणी सांगितलं, आणि मग नाव बघितलं. नाव निघालं समोरच्याच आळीतल्या एका गृहस्थांचं. हे गृहस्थ रोज सोसायटीत येऊन चहात तीन चमचे साखर मागून घेत आणि वर म्हणत, "आपल्याला काय, काही न्हाय." भाऊंनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि तडक कोकिळाताईंची खोली गाठली.

ही खोली बाजारपेठेच्या मागे. दहा बाय बाराची. आत एक लोखंडी कपाट, कपाटात मिणमिणत्या हिरव्या दिव्यांचा स्विच, म्हणजे आलेली माहिती ज्याच्या त्याच्या तारेत सोडणारा डबा, त्याच्यासाठी एसी, आणि कोकिळाताईंसाठी एक खुर्ची. अल्पेश नावाच्या उलव्याकडच्या उमद्या पोराची इंटरनेटची कंपनी होती. त्या बाजूला मिठागरं गेली, ट्रक आले, ट्रकवाल्यांची पोरं पुढे धंद्यात शिरली, त्यातला हा. बोर्ली, म्हसळा आणि श्रीवर्धन या तीन ठिकाणी त्याची फायबरची तार फिरलेली होती, आणि बोर्लीचं टोक कोकिळाताई सांभाळायच्या. वय एकोणसाठ. अंगाने काटकुळ्या, बोलायला ठणठणीत.

"कोकिळाताई, ह्यो कागद माझ्या मशिनीतून कसा आला? मी काय दवाखाना उघडलाय व्हय?"

ताईंनी कागद नुसता उलटा धरला. दुसऱ्याचं वाचायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. म्हणाल्या, "भाऊ, दवाखान्याचा कागद म्हणजे पूनमच्या रक्त तपासायच्या लॅबचा असणार. तारेत काहीतरी गुंता झालाय."

या दुसऱ्याचं न वाचण्याच्या आणि न ऐकण्याच्या सवयीला मोठा इतिहास आहे. कोकिळाताई विसाव्या वर्षी श्रीवर्धनच्या टेलिफोन एक्स्चेंजात लागल्या तेव्हा तिथे हाताने जोडायचा बोर्ड होता. कुणी घरच्या फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावरची त्याची इवलीशी पडदी टपकन पडायची. ताई भोकात दोरी खुपसायच्या, "नंबर?" विचारायच्या आणि दुसरी दोरी पलीकडच्या भोकात. झाली जोडणी. सगळ्या गावाचं बोलणं त्यांच्या बोटांतून जायचं. कुणाची सोयरीक जमतेय, कुणाचा मुलगा परीक्षेत बसला, कुणाचा तिथेच बसला. पण ताईंच्या तोंडून कधी शब्द फुटला नाही. एकदा सासूबाईंनी शेजारणीच्या भांडणाची चौकशी केली, तर ताई म्हणाल्या, "मला कानांचा पगार नाही, हातांचा आहे." सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तेही ताईंना बरंच पडलं.

तो बोर्ड चौऱ्याण्णव साली गेला. आपोआप लागणारं एक्स्चेंज आलं, माणसं स्वतःच नंबर फिरवायला लागली. बोर्ड उचलायला टेम्पो आला तेव्हा दोऱ्या सोडवत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी सरळ कापल्या. ताई दारात उभ्या होत्या. नोकरी राहिली, टेबल बदललं, पुढे तीही ताईंनी आपणहून लवकर सोडली. पण ती खोली रिकामी झालेली त्यांच्या डोळ्यांसमोरून कधी हलली नाही. म्हणून अल्पेश जेव्हा "मावशी, आमच्याकडे या, तुम्हाला तारांची ओळख आहे" असं म्हणाला, तेव्हा त्या दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन हजर झाल्या.

तर गुंता. अल्पेशच्या पनवेलच्या ऑफिसात प्रणाली नावाची इंजिनीयर मुलगी होती. हुशार, आणि वेगाने बोलणारी. ताईंनी फोन लावला. प्रणालीने पाच मिनिटांत दुखणं सांगितलं. एकाच तारेतून सगळ्यांचं काम चालतं, पण प्रत्येकाची वाट वेगळी राहावी म्हणून माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर, म्हणजे फ्रेमवर, एक नंबर चिकटवतात. त्या नंबरी वाटेला व्हीलॅन म्हणायचं. सोसायटीच्या बोर्ली आणि श्रीवर्धनच्या ऑफिसांची वाट होती नंबर दहा. पूनमच्या लॅबला गेल्या आठवड्यात जोडणी दिली, तिचीही वाट निघाली दहाच. स्विचला बिचाऱ्याला दोन्ही दहा सारखेच. त्याने साखर सुपारीत मिसळली.

"कुणीतरी एकाने नंबर बदलला की झालं, मावशी," प्रणाली म्हणाली. "अकरा करू दे."

आता हे पनवेलात बसून बोलायला सोपं. ताईंनी दोघांनाही खोलीत बोलावलं.

"अकरा?" गणराजभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "ताई, तुम्हाला सांगायला पायजे व्हय? माझ्या वडलांच्या वेळेपासून सोसायटीचा फोन बोर्ली दहा. एक मामलेदाराचा, दोन पोलिसांचा, मग डॉक्टर, मग पोस्ट, आणि दहा आमचा. लग्नपत्रिकेवर छापायचे लोक, 'निरोप : बोर्ली १०'. अकरा नंबर कुणाचा होता ठाऊक हाय ना? सोड्याच्या कारखान्याचा. कॉम्प्युटरवाला आला तेव्हा मीच त्याला सांगितलं, दहाच टाक."

पूनम तिशीतली. तिच्या तीन गावांत तीन लॅबा, स्कूटरवरून रक्ताच्या बाटल्या पोचवत फिरणारी. ती म्हणाली, "भाऊ, मला मानाचं काही नाही. पण माझ्या मशीनचा मेकॅनिक पुण्याचा. त्याने दहा लावून ठेवलाय. तो येतो सहा महिन्यांनी. तोवर काय मी रक्त चाखून साखर सांगू?"

"बघा, पोरगी कशी बोलते!"

"तुमचाही एकदा काढून घ्या रिपोर्ट. आवाज चढलाय तेवढंच प्रेशर दिसतंय."

भाऊ हसले, पण नंबर सोडला नाही. जाता जाता मात्र त्यांनी खरी गोष्ट सांगितली. सोमवारी दहा वाजता रोठा सुपारीची खरेदी सुरू होणार. बोर्लीत माल तोलायचा, नमुन्याचा फोटो आणि पावती श्रीवर्धनला जायची, तिथून मालाची प्रत ठरून परत यायची. ते नीट चाललं नाही तर सोसायटी दुसऱ्याची लाइन घेणार. "ताई, तुमचं तोंड बघून थांबलोय. पण गावकरी उन्हात माल घेऊन बसतील, त्यांना काय सांगू?"

अल्पेशला हे कळल्यावर त्याचा फोन आला. "मावशी, बुरा मत मानो. बोर्लीत मोठं गिऱ्हाईक एकच, सोसायटी. ती गेली तर रूम बंद करून मी सगळं म्हसळ्यात नेणार. तिथे दोन पोरं आहेतच." आणि वर, "तुम्हाला त्रास नको म्हणून आत्ताच सांगतोय."

ताई "बरं" म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी उगाच कपाटाची काच पुसली. एक खोली डोळ्यांदेखत रिकामी झालेली पाहिली होती. दुसरी पाहायची नव्हती.

शनिवारी सकाळी त्यांनी प्रणालीला पुन्हा गाठलं. "बाळा, दोघंही दहावरच राहतील असं काही आहे का तुमच्यात?"

"आहे मावशी, प्रोव्हायडर ब्रिजिंग. आपण कधी केलं नाही, एवढंच. गिऱ्हाइकाच्या फ्रेमला हात लावायचा नाही. त्याचा दहा आत तसाच ठेवायचा. आपल्या दारात आली की तिच्यावर बाहेरून आपला दुसरा टॅग, नंबराची दुसरी चिठ्ठी, चढवायचा. सोसायटीला दोनशे एक, लॅबला दोनशे दोन. मधले स्विच फक्त बाहेरचा टॅग वाचतात. शेवटच्या दारात तो उतरवला की आतला दहा जसाच्या तसा..."

"थांब थांब," ताईंचा आवाज एकदम विशीतला झाला. "हे तर आमचं ट्रंक कॉलचं, परगावच्या फोनचं काम! दहा नंबर बोर्लीलाही होता, म्हसळ्यालाही होता आणि श्रीवर्धनलाही. मुंबईची ऑपरेटर काय नुसतं 'दहा दे' म्हणायची? ती म्हणायची श्रीवर्धन दहा. वाटेतली महाडची ऑपरेटर फक्त 'श्रीवर्धन' ऐकायची आणि माझ्याकडे ढकलायची, दहाशी तिचं घेणंदेणं नाही. माझ्याकडे आलं की श्रीवर्धन गळून पडायचं, उरायचं दहा."

मग प्रणाली म्हणाली, "मावशी, मला हे कळायला कॉलेजात चार लेक्चरं लागली होती."

"आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवायचे. चुकलं तर मामलेदाराचा फोन सोडावाल्याकडे जायचा."

मग त्या दोघींनी काम काढलं. प्रणाली सांगणार, ताई दोन बोटांनी टाइप करणार, आणि एंटर दाबायच्या आधी ओळ मोठ्याने वाचून दाखवणार. हीही ट्रंकची शिस्त, नंबर परत म्हणून दाखवल्याशिवाय दोरी लावायची नाही. सोसायटीचं दार, म्हणजे स्विचमध्ये तिची तार खुपसायचं भोक, कुठलं, लॅबचं कुठलं. कुठल्या दारात टॅग चढवायचा आणि कुठल्या दारात उतरवायचा. म्हसळ्याकडे जाणाऱ्या तारेवर कुठले टॅग सोडायचे. श्रीवर्धनचं टोक प्रणालीने तिकडून बसवलं. दुपारी बारा वाजता ताईंनी पिंग केलं. पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राच्या दारावर टकटक, 'आहेस का?' तिकडून उत्तर आलं, 'आहे.' लॅबचंही आलं. आणि लॅबची टकटक सोसायटीच्या दारावर पडेना. गुंता सुटला!

ताईंनी भाऊंना कळवलं, पूनमला कळवलं, अल्पेशला कळवलं. घरी जाऊन गोडाचा शिरा केला. नवरा, सुजित त्याचं नाव, एसटीतून निवृत्त झालेला माणूस. तो म्हणाला, "आज काय सण?" ताई म्हणाल्या, "आज मी ट्रंक लावला." त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्याने शिरा दोनदा घेतला.

चार वाजता भाऊंचा फोन.

"ताई, पावती जाते. फोटो न्हाय जात. ते गोल गोल फिरत बसतंय नुसतं."

पूनमचाही तोच सूर. साधा रिपोर्ट जातो, आलेख असलेला अडकतो. ताई धावत खोलीत आल्या. पिंग केलं. 'आहे.' पुन्हा केलं. 'आहे.' मग अडतंय कुठे? प्रणालीने इकडून तपासलं, तिकडून तपासलं, सगळं जागच्या जागी. अल्पेश वैतागला. "मावशी, बस झालं. सोमवारी सकाळी मी सगळं पुन्हा जुन्यावर नेतो, लॅबला सोडून देतो. पूनमताईला मी समजावतो." समजावलं असतं कदाचित. पण भाऊंचा विश्वास एकदा गेला तो गेलाच असता, हे ताईंना दिसत होतं. भाऊंनी शनिवारीच दुसऱ्या कंपनीच्या माणसाला चहाला बोलावलं होतं. बोर्लीत अशी बातमी पोचायला फायबर लागत नाही.

रविवारी सकाळी ताई घावणे काढत होत्या. तवा तापलेला, हातात पळी, आणि त्यांना एकदम नामा आठवला.

एकोणनव्वद सालची गोष्ट. दिवेआगरच्या बाजूचा नामा शिमग्याच्या आधी एक्स्चेंजात आला होता. मुलगा मुंबईला गोदीत. त्या वर्षी पालखी पहिल्यांदा नामाच्या अंगणात थांबणार होती आणि पोराने खांदा द्यायला यावं, एवढा निरोप. ताईंनी ट्रंक लावला. "हॅलो, येतंय का?" मुंबई म्हणाली, "येतंय." ताईंनी लाइन नामाला दिली आणि दुसऱ्या कॉलकडे वळल्या. नामा तीन मिनिटं घसा फोडून ओरडला. समाधानाने घरी गेला. पालखी आली, नामाच्या अंगणात थांबली, आणि पोरगा आलाच नाही. मागाहून कळलं, पोराला ऐकू आलं होतं फक्त "हॅलो, बाबा बोलतोय." लाइन तीन शब्द न्यायची आणि चौथ्याला दम सोडायची. नामा ताईंना एका शब्दाने बोलला नाही, हेच वाईट. तेव्हापासून ताई नुसत्या 'हॅलो'वर लाइन सोडत नसत. पलीकडच्या ऑपरेटरला म्हणायच्या, "पाली, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, बोर्ली, दिघी, मुरूड, सगळं एका दमात परत म्हणून दाखव." पूर्ण आलं तरच दोरी.

आणि काल त्यांनी काय केलं होतं? नुसतं हॅलो म्हणून लाइन सोडून दिली होती.

"अहो, घावणा जळतोय!" सुजित म्हणाला.

"तुम्ही उलटा," म्हणून ताईंनी चप्पल घातली.

खोलीत बसून त्यांनी पिंग सुरू केलं, पण आता मोठं. प्रणालीने एकदा शिकवलं होतं की टकटक किती जड असावी ते सांगता येतं, आणि 'वाटेत तुकडे करू नकोस' अशी अटही घालता येते. चौदाशे बाइटचं घातलं, गेलं. चौदाशे बहात्तर, म्हणजे काठोकाठ भरलेलं पुडकं, ते गेलं नाही. उत्तरच नाही. मग कागद घेतला आणि मधले आकडे एकेक करून. चौदाशे पन्नास, गेलं. साठ, गेलं. अडुसष्ट, गेलं. एकोणसत्तर, गप्प. पुन्हा अडुसष्ट, गेलं. पुन्हा एकोणसत्तर, गप्प. बहात्तर जायला हवं आणि जातंय फक्त अडुसष्टपर्यंत. तफावत चारची.

रविवारी सकाळी प्रणालीने फोन उचलला तो झोपेतच.

"बाळा, आपण काल जो टॅग चढवला, तो केवढा असतो?"

"चार बाइट... का?"

ताईंनी आकडे वाचून दाखवले. पलीकडे प्रणाली खाडकन उठून बसल्याचा आवाज आला.

"मावशी! आधी एकच टॅग होता, तेव्हा मोठ्यातली मोठी फ्रेम, वरचे पत्ते-बित्ते धरून, पंधराशे बावीस. आता दुसरा चढला, पंधराशे सव्वीस. मधल्या कुठल्यातरी स्विचचं दार बावीसचंच आहे. त्याहून मोठं काही आलं की तो न बोलता टाकून देतो. छोटी पावती जाते, भरलेला फोटो नाही. आपल्यात जुना कुठला?"

"म्हसळ्याचा. अल्पेशने पहिल्या वर्षी घेतलेला, आणि श्रीवर्धनची तार तिथूनच जाते."

त्याचं दार रुंद करता येत होतं, पण केल्यावर तो बंद करून पुन्हा चालू करावा लागणार, आणि इतका जुना स्विच पुन्हा उठला नाही तर कुणीतरी समोर उभं पाहिजे. अल्पेश रविवारचा श्रीवर्धनला मित्राकडे आला होता. ताईंनी त्याला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा त्याचा चेहरा सांगत होता, की आपण एका म्हातारीच्या समाधानासाठी आलोय.

"मावशी, मी ठरवलंय ना..."

"दोन तास दे. नाही झालं तर किल्ली तुझ्या हातात देते, आणि खोली मी स्वतः झाडून देते."

अल्पेशने ताईंना गाडीत घेतलं. म्हसळ्याच्या वळणांवर त्याने विचारलं, "तुम्हाला एवढं काय पडलंय त्या रूमचं? घरी बसा आरामात, काका आहेत, नातवंडं येतात."

"नातवंडं सुट्टीत येतात," ताई म्हणाल्या. "लोक रोज येतात."

म्हसळ्याच्या खोलीतली दोन पोरं सुट्टीवर. अल्पेशने कुलूप काढलं. ताई लॅपटॉप जोडून बसल्या, प्रणाली फोनवर. दाराचं माप पंधराशे बावीसवरून सोळाशे केलं. ओळ मोठ्याने वाचली. एंटर. मग बंद, आणि चालू.

सगळे दिवे गेले. एक मिनिट. दीड. पंखा घरघरला आणि थांबला. अल्पेश म्हणाला, "गेला वाटतं." ताईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. अडीच मिनिटांनी एक पिवळा दिवा लागला, मग हिरवा, मग रांगेने सगळे. ताईंनी चौदाशे बहात्तरचं पिंग सोडलं.

आलं. पुन्हा सोडलं, आलं. मग त्यांनी शंभर वेळा सोडायला लावलं आणि शंभरच्या शंभर परत आले. अल्पेश खाली वाकून आकडे मोजत होता, जशा काही गल्ल्यातल्या नोटा.

"मावशी, मान गये. अडुसष्ट आणि एकोणसत्तर तुम्ही हाताने काढलंत?"

"मग काय पायाने?"

सोमवारी दहा वाजता सोसायटीच्या अंगणात काटा लागला. पहिल्या पोत्याच्या नमुन्याचा फोटो श्रीवर्धनला गेला आणि भाऊंनी फोनवर ओरडूनच सांगितलं, "गेलं हो ताई! प्रत पण आली! दहा नंबरनेच आली!" पूनमचे आलेख दुपारपर्यंत तिन्ही गावांत पोचले. त्या तीन चमचे साखरवाल्या गृहस्थांना तिने गाठून बसवलं म्हणे. चहा आता अर्ध्या चमच्यावर आलाय.

संध्याकाळी अल्पेश बोर्लीत आला. खुर्ची एकच, म्हणून दाराला टेकून उभा राहिला. म्हणाला, "रूम राहतेय, मावशी. घरमालकाला आत्ताच सांगून आलो, तीन वर्षांचा कागद करतोय. आणि म्हसळ्याची पोरं यापुढे तुम्हाला विचारून काम करतील."

"मला तिकडे नेऊ नकोस म्हणजे झालं. मी इथूनच बघेन."

"इथूनच. बोला, अजून काय पाहिजे?"

ताईंनी खिडकीकडे बोट केलं. "तिथे जाळी लाव. माकडं हात घालून केबल ओढतात. आणि दुसरी एक खुर्ची आण, माणसं येतात ती उभी राहतात."

अल्पेशने खिशातून टेप काढली आणि खिडकीचं माप घ्यायला लागला. ताईंनी त्याला टेपचं दुसरं टोक धरून दिलं.